लाकडाचा गेंडा

रणगाडा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे पोलाद येतं, धूर येतो, जमीन हादरवणारा खडखडाट येतो. येऊ द्या. पण ही गोष्ट ज्याची आहे त्या माणसाने उभा जन्म रणगाडे बांधले ते फळ्यांचे, प्लायवूडचे आणि सरसाचे. चेष्टा करत नाही. पूर्ण मापाचे, आत माणसं बसतील असे रणगाडे. फक्त ते चालायचे नाहीत आणि त्यांची तोफ उडायची नाही, एवढाच काय तो फरक. त्याला सगळे मिस्त्री म्हणत. कारखान्यात मिस्त्री ढिगाने होते, पण नुसतं ‘मिस्त्रींना बोलवा’ म्हटलं की ह्यालाच बोलवायचं, हे फाटकावरच्या रखवालदारालाही ठाऊक होतं.

आता लाकडाचा रणगाडा हवा कशाला? तर त्याचं असं आहे. कागदावर सगळं बसतं. तोफ बसते, इंजिन बसतं, गोळे बसतात, माणसंही बसतात. कागदावरच्या माणसाला ना कोपरं असतात ना ढुंगण. खरा माणूस आत घातला की त्याचा गुडघा कशावर तरी आपटतो, डोकं कशात तरी अडकतं आणि हात जिथे पोचायला हवा तिथे पोचत नाही. पोलाद कापून झाल्यावर हे कळलं तर सगळ्यांनी कपाळाला हात लावून बसायचं. म्हणून आधी लाकडात करून बघायचं. मिस्त्री नकाशावरून रणगाड्याचं सगळं पोट लाकडात उभं करी. मग पलटणीतले जवान येऊन त्यात शिरत, बसत, बाहेर पडत. कुणीतरी घड्याळ लावून उभं राही. आणि लाकडात जे पास झालं ते पोलादात पुन्हा तपासायचं नाही, असा तिथला रिवाज होता. वेळ वाचायचा. वर्षानुवर्षं त्या रिवाजाने कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

ह्या रणगाड्याला सरकारी कागदांत आकड्यांचं आणि अक्षरांचं लांबलचक नाव होतं. ते कुणाच्या तोंडी बसलं नाही. जवानांनी त्याला गेंडा म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव चिकटलं. पहिला गेंडा झाला तेव्हा मिस्त्री ऐन तारुण्यात होता. त्याआधी देशाकडे होते ते बाहेरून विकत आणलेले जुनेपुराणे रणगाडे. विकणाऱ्यांनी सुटे भाग द्यायला टाळाटाळ सुरू केली तेव्हा कुठे वरच्यांना जाग आली, की आपलाही एखादा असावा. मग काय, घाईच घाई! पहिला गेंडा चढावर तापायचा आणि उतारावर कुणाचं ऐकायचा नाही. मोठ्या संचलनात तो पाहुण्यांसमोरच बंद पडला आणि मागच्या गेंड्याने त्याला ढुशा देत देत पुढे नेला. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात ‘दोन रणगाड्यांची शिस्तबद्ध जोडी’ म्हणून त्याचं कौतुक छापून आलं. कारखान्यात लोक हसून हसून लोळले.

दुसऱ्या गेंड्याला मोठी तोफ आली, जाड कवच आलं, नवं इंजिन आलं. तो चांगला निघाला. इतका चांगला, की तिसऱ्याची वेळ आली तेव्हा नवं अंग बनवायचंच नाही असं ठरलं. अंग जुनंच ठेवायचं आणि आत यंत्रं नवी घालायची. अंधारात दिसणारी दुर्बीण, अंतर मोजणारं यंत्र, नेम धरून देणारा संगणक. ह्याला आधुनिकीकरण म्हणायचं. मिस्त्रीच्या लेखी त्याचा अर्थ एवढाच होता, की आत आणखी डबे येणार. डबे वाढले, अंग तेवढंच राहिलं, मग जागा कुणाची गेली? माणसाची. डिझाइन खात्याच्या मुख्य बाईंना तो म्हणे, “बाई, पुढच्या खेपेला माणसंच लहान काढा. मापं मी देतो.” बाई चष्मा कपाळावर ढकलून हसत आणि म्हणत, “मिस्त्री, आधी हा डबा करा. मग माणसांचं बघू.”

शेजारच्या शेडमध्ये पेंटर बसे. मिस्त्रीचा जिवाभावाचा दोस्त आणि एक नंबरचा टवाळ. लाकडाचा रणगाडा आतून पोलादासारखा वाटावा म्हणून त्याला राखाडी रंग द्यायचं काम पेंटरचं. “तू खोटा रणगाडा करतोस आणि मी खोटं पोलाद करतो,” तो म्हणे. “आपल्या दोघांच्या जोरावर देश सुरक्षित आहे बघ!”

मिस्त्रीची एक सवय होती, आणि इथेच घोडं पेंड खातं. पहिल्या गेंड्याच्या वेळी एक कोवळा जवान घाईघाईने बाहेर पडताना प्लायवूडच्या कोपऱ्याला घासला आणि कानामागची कातडी सोलून निघाली. मिस्त्रीने स्वतःचा रुमाल त्या जखमेवर दाबून धरला. पोरगं ओठ चावून ‘काही नाही, काही नाही’ म्हणत होतं. मिस्त्रीच्या मनाला ते फार लागलं. लढाईत लागलं तर लागलं, पण माझ्या लाकडाने कुणाच्या लेकराचं रक्त काढायचं? त्या दिवसापासून तो प्रत्येक डब्याची कड रंध्याने मारून गोल करू लागला. वर कानस, मग पॉलिशपेपर, मग मेण. हात फिरवला तर कुठे अडकायचा नाही. नकाशात कोपरे टोकदारच असत. पण डब्याची लांबी, रुंदी, उंची मोजली की बरोबर भरायची, त्यामुळे तपासणाऱ्यालाही कधी वावगं दिसलं नाही. उलट बाहेरचे पाहुणे आले की त्यांना ही शेड मुद्दाम दाखवत. चांगुलपणाच होता तो. चांगुलपणाला कोण कशाला हटकेल?

मिस्त्रीला मूलबाळ नव्हतं. धाकटी बहीण नवरा गेल्यावर कडेवरचा मुलगा घेऊन त्याच्याकडे आली ती कायमचीच, आणि तो भाचाच घरातलं मूल झाला. पुढे मिस्त्रीची बायको आजारपणात गेली तेव्हा घर सावरलं ते बहिणीनेच. बोलायला भारी फटकळ बाई. शेजारणी तिला वचकून असत. पण मुलाला ताप आला की तिचा चेहरा एवढासा व्हायचा. मुलगा अंगाने दांडगा निघाला, खांदे हे एवढे, दारातून यायचा तर तिरका होऊन. मनाने मात्र मऊ. मामाशी तर त्याचं गूळपीठच होतं.

ह्या मुलाने एक दिवस जाहीर केलं, की मी रणगाड्याचा चालक होणार. आईने आकाशपाताळ एक केलं. नाही म्हणजे नाही. दोन दिवस घरात कुणी कुणाशी बोललं नाही. शेवटी मुलाने मामाला मध्ये घातलं, आणि मिस्त्री बहिणीपुढे जाऊन बसला.

“अगं, तो चालवणार कोणता रणगाडा? गेंडाच ना? त्याची आतली एकेक फट मी बघितली आहे. ओरखडासुद्धा उठणार नाही त्याला.”

“तू जबाबदारी घेतोस, दादा?”

“घेतो.”

तिने त्याच्याकडे बघितलं. मग म्हणाली, “घे मग. जाऊ दे त्याला.” माणूस अशा वेळी किती सहज बोलून जातो! मिस्त्रीला त्या दिवशी आपण फार मोठं काम केलं असं वाटलं होतं.

तिसऱ्या गेंड्याचं काम निघालं तोवर भाचा पलटणीत चालक होऊन चांगला मुरला होता. ह्या गेंड्याची मोठी अडचण होती विजेची. इंजिन बंद करून दबा धरून बसलं तरी नवी यंत्रं चालू राहिली पाहिजेत, म्हणजे जास्तीच्या बॅटऱ्या हव्यात. त्या ठेवायच्या कुठे? शोधून शोधून एकच जागा उरली, चालकाच्या पाठीमागची. आता चालक बसतो पुढे, खाली, एकटा. त्याच्या डोक्यावर त्याचं स्वतःचं झाकण असतं. पण तोफ नेमकी त्या झाकणावर येऊन थांबली तर ते उघडत नाही. मग त्याने मागे सरकून, रणगाड्याच्या पोटातून, बाकीच्यांच्या झाकणाने बाहेर पडायचं. बॅटऱ्यांचा डबा आला तो नेमका त्या वाटेत.

बाईंचं मन खात होतं. त्या मिस्त्रीला स्पष्ट म्हणाल्या, “तुम्ही लाकडात करा. माणूस निघतो का ते बघू. नाही निघाला तर कोणी काही म्हणो, मी डबा तिथून हलवणार.”

चाचणीसाठी पलटणीने चालक पाठवले, त्यांत भाचाही होता. बाईंनी सगळ्यांना रांगेत उभं केलं आणि बरोबर त्याच्याकडे बोट दाखवलं. “हा. सगळ्यांत रुंद हा आहे. हा निघाला तर कुणीही निघेल.” मिस्त्रीला हसू आवरेना. आपला भाचा म्हणून त्याने कुणाला सांगितलं नव्हतं, पण पेंटरच्या पोटात काही राहतंय होय? तो ओरडलाच, “अहो, मामाच्या घरात भाचा अडकेल कसा!”

भाचा चालकाच्या जागी बसला. इशारा झाला. तो मागे वळला, एक खांदा पुढे घातला, डब्याला घासून सरकला आणि वरच्या झाकणातून बाहेर येऊन हसत उभा राहिला. पुन्हा केलं, पुन्हा निघाला. जाड कपडे घालून केलं, तरी निघाला. ठरलेल्या वेळेच्या आतच. टाळ्या पडल्या. बाईंचा जीव भांड्यात पडला. डबा जागेवर राहिला आणि कागदावर सह्या झाल्या. त्या दिवशी घरी जेवताना मामा-भाचे दोघे मिळून बहिणीला ती हकिगत तीन-तीनदा सांगत होते, आणि ती ‘पुरे की आता, गार होतंय’ म्हणत पुन्हा ऐकत होती.

पुढे तिसरे गेंडे तयार होऊन पलटणीत गेले. भाचा एकदा सुट्टीवर आला तेव्हा पायरीवर बसून बूट काढता काढता म्हणाला, “मामा, तुझ्या लाकडाची मजा खऱ्यात नाही रे. मागे सरकायला गेलो की खांद्याला लागतं.”

मिस्त्री म्हणाला, “पोलाद आहे ते बाबा. लागणारच.”

एवढंच बोलणं झालं. मग दोघे चहा प्यायले.

शत्रू आला नाही, लढाई झाली नाही. सरावच होता, नेहमीसारखा. गेंड्याच्या पोटात विजेच्या तारांनी पेट घेतला आणि धूर भरला. वीज गेली, तोफ होती तिथेच थांबली, चालकाच्या झाकणावर. वरचे तिघे बाहेर पडले. चालक पडला नाही.

घरी दोन अधिकारी आले तेव्हा बहीण कपडे वाळत घालत होती. तिने त्यांच्या टोप्या हातात घेतलेल्या बघितल्या आणि ओला कपडा तसाच छातीशी धरला. त्यांनी सांगितलं ते ऐकून तिने मिस्त्रीकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत दोष नव्हता, नुसता प्रश्न होता.

मग चौकशी झाली. निष्कर्ष दोन ओळींचा आला. चालकाच्या जागेमागची वाट पुरेशी रुंद होती, हे पूर्वीच्या चाचणीत सिद्ध झालं आहे. चालकाचा धीर सुटल्यामुळे तो घाबरून वाटेत अडकला. बघा म्हणजे! ज्या चाचणीच्या जोरावर हे लिहिलं ती चाचणी त्याच पोराने दिलेली. पण कागदाला त्याचं काय?

बहीण ह्या सगळ्यात एकदाही रडली नाही. लोकांना वाटलं, बाई खंबीर आहे. खंबीर कसली? ती संतापली होती. ती मेलेल्या मुलावर संतापली होती. भांडी घासताना, खोली झाडताना तिचं पुटपुटणं चालू असायचं. “थांबायचं ना रे जरा. डोकं शांत ठेवायचं. एवढा वाढलास आणि ऐन वेळी भ्यालास? तीनदा निघाला होतास ना? मग आत्ताच काय झालं?” कुणी त्याचं कौतुक करायला लागलं की ती उठून आत जायची. एकदा शेजारीण म्हणाली, “शूर होता हो तुमचा मुलगा.” तर ही फटकन म्हणाली, “शूर असता तर घरी आला असता.” मिस्त्री शेजारच्या खोलीत हे ऐकत होता.

काही दिवसांनी जळलेला गेंडा तपासणीसाठी कारखान्यात आला, ताडपत्री टाकून. बाईंनी मिस्त्रीला निरोप पाठवला, तुम्ही तिकडे येऊ नका. तो गेला. कोण अडवणार त्याला? दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत शेड रिकामी होती. तो वरच्या झाकणातून आत उतरला. जळक्या रबराचा वास अजून होता. तो वाकून त्या वाटेपाशी गेला आणि बॅटऱ्यांच्या डब्यावर त्याने हात ठेवला. काही शोधायला म्हणून नव्हे. भाच्याचा शेवटचा हात जिथे लागला असेल तिथे आपला हात लावावा, एवढंच मनात होतं.

हात कडेपाशी आला आणि कापला.

कड धारदार होती. सरळ, काटकोनात, नकाशात होती तशी. वर दोन बोल्टची डोकी बाहेर आलेली. मिस्त्रीने पुन्हा हात फिरवला. लाकडाचा डबा त्याच्या हाताला पाठ होता. तो कसा होता, तर इथून असा वळत जाणारा, मेण लावलेला. रंध्याने त्याने ह्याच कडेचं दोन बोटं लाकूड काढून टाकलं होतं. खांदा वळवताना जी दोन बोटं जागा लागते, नेमकी तीच. लाकडाच्या गेंड्यात ती जागा होती. पोलादाच्या गेंड्यात ती कधी नव्हतीच.

भाचा घाबरला नव्हता. त्याने बरोबर तेच केलं होतं जे मामाच्या शेडमध्ये टाळ्या घेऊन केलं होतं. एक खांदा पुढे, डब्याला घासून, सरक. आणि ‘खांद्याला लागतं’ हे त्याने सांगितलंही होतं. मिस्त्री तिथे किती वेळ बसला त्याचं त्यालाच ठाऊक नाही. माणसं जेवून परत आली तेव्हा त्याला हाताला धरून वर काढावं लागलं.

पेंटरला त्याने सगळं सांगितलं. पेंटर पहिल्यांदाच काही विनोद न करता ऐकत राहिला. मग म्हणाला, “तुझ्यामाझ्यात राहू दे हे. तोंडातून चकार शब्द काढू नकोस.”

“पोराचं नाव खराब झालंय रे.”

“गेलेल्या पोराचं नाव. आणि सांगितलंस तर घरात जिवंत बहीण आहे तुझी, ती सोडून जाईल. एकच माणूस उरलंय तुला. तिला काय सांगणार, की तुझा मुलगा माझ्या हाताने गेला?”

“आणि बाकीचे चालक? ते बसलेत ना त्याच डब्यापुढे?”

पेंटरने मान खाली घातली. दोस्ताला खोटं सांगणं त्याला जमेना.

मिस्त्रीला सांगायचं नव्हतं. उगाच का त्याला देवमाणूस करायचं? त्याला भीती वाटत होती, साधी, माणसाला वाटते तशी भीती. संध्याकाळी घरी गेल्यावर दिवा लागलेला असावा, कुणीतरी ‘हातपाय धू आधी’ म्हणून ओरडावं, एवढंच त्याचं उरलं होतं. ते गेलं तर काय करायचं? रोज तो कामावर जाताना ठरवायचा, की बाईंना सांगू, आणि रोज बाईंच्या दारावरून पुढे जायचा. शेडमध्ये रंधा हातात घ्यायचा आणि तसाच खाली ठेवायचा. एकदा त्याने बाईंना ‘डबा जरा मागे घेता येईल का’ असं आडून विचारून बघितलं. बाई थकलेल्या आवाजात म्हणाल्या, “कशाच्या जोरावर, मिस्त्री? चाचणी पास आहे.”

एका सुट्टीच्या दिवशी सकाळी बहीण मुलाचे कपडे आवरत होती. एक सदरा तिने झटकला, घडी घातली, उलगडला आणि त्या सदऱ्यालाच रागाने म्हणाली, “भित्रा कुठला!”

मिस्त्री दारात उभा होता. त्याच्याने राहवेना.

“तसं म्हणू नकोस त्याला.”

“का नको म्हणू? सरकारने लिहून दिलंय.”

“सरकारला माहीत नाही. मला माहीत आहे. तो भ्याला नव्हता.” तो तिच्यासमोर खाली बसला आणि त्याने सगळं सांगितलं. सोपं करून सांगितलं, हाताने दाखवून सांगितलं. लाकडाची कड कशी होती, पोलादाची कशी होती, जागा किती कमी पडली, आणि लाकडात ती कुणी वाढवून ठेवली होती. काही हातचं राखलं नाही. भाचा सुट्टीवर येऊन काय म्हणाला आणि आपण काय उत्तर दिलं, तेही सांगितलं.

बहीण ऐकत होती. तिने एकच विचारलं, “म्हणजे तो घाबरला नव्हता?”

“नाही. त्याने सगळं बरोबर केलं.”

तिने सदरा उचलला, दुसऱ्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. त्या दिवशी घरात चूल पेटली नाही.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री बाईंच्या दारावरून पुढे गेला नाही. आता गमवायला काय उरलं होतं? बाईंनी ऐकलं, उठल्या, खिडकीपाशी जाऊन पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. तिथूनच म्हणाल्या, “कितीदा तरी तुमच्या त्या कडांवरून मी हात फिरवला आहे, मिस्त्री. किती छान, म्हणून. माझ्याही लक्षात आलं नाही. आणि सही माझी आहे.” त्यांनी चौकशी पुन्हा उघडायला लावली. सोपं नव्हतं ते. वरून दटावणी आली, गेंड्याची बदनामी होईल म्हणून. बाई हटल्या नाहीत.

मिस्त्रीला पुन्हा ती वाट लाकडात बांधावी लागली. ह्या वेळी रंधा न लावता, कडा जशाच्या तशा, बोल्टच्या जागी लाकडी गुठळ्या ठोकून. आयुष्यात त्याने इतकं वाईट काम कधी केलं नव्हतं, आणि इतकं बरोबरही कधी केलं नव्हतं. एक चालक आत बसला. भाच्यापेक्षा बारीकच होता. तो खांद्याशी अडकला. चौकशीवाल्यांनी त्याला पुढे ओढून सोडवला. मिस्त्री भिंतीकडे तोंड करून उभा होता आणि पेंटरने त्याचा दंड धरून ठेवला होता.

तिसऱ्या गेंड्यांना परत बोलावून डबा हलवण्यात आला. कागदोपत्री त्याला ‘आणखी एक सुधारणा’ म्हटलं. निष्कर्ष बदलला. चालकाने योग्य तीच कृती केली, वाट अपुरी होती. मिस्त्रीला नोकरीवरून काढलं नाही. काढलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं. शिक्षा म्हणून त्याला फक्त एक ताकीद मिळाली, ती त्याने घडी करून खिशात घातली.

ह्या सगळ्या काळात बहीण घरात होती. स्वयंपाक करी, त्याचं ताट वाढून ठेवी आणि आत निघून जाई. पुटपुटणं थांबलं होतं. घर इतकं शांत झालं होतं, की मिस्त्रीला तिचं फटकन बोलणंही हवंसं वाटू लागलं. बदललेला निष्कर्ष घेऊन तो आला आणि त्याने तो तिला वाचून दाखवला. तिने पुन्हा वाचायला लावला. मग ती म्हणाली, “मी मोठ्या जाऊबाईंकडे जाते. त्या कधीच्या बोलावतायत.”

थांब्यावर तिची पिशवी त्यानेच उचलून नेली. ती नको म्हणाली नाही. बस यायला वेळ होता. बाकावर दोघं बसले, मध्ये पिशवी.

“दादा, तुझ्यावर राग नाही असं मी म्हणणार नाही,” ती म्हणाली.

“नकोच म्हणू.”

“आहे. खूप आहे. तुला जेवायला वाढायचं आणि मनातून तुला बोल लावायचे, हे मला जमत नाही. म्हणून जातेय.”

मिस्त्रीने मान हलवली.

“पण तू सांगितलं नसतंस ना,” ती रस्त्याकडे बघत म्हणाली, “तर मी मरेपर्यंत त्याच्यावर रागावले असते. माझ्या पोरावर. रोज सकाळी उठून मी त्याला शिव्या घालत होते रे. आणि त्याने तर काहीच केलं नव्हतं. काहीच केलं नव्हतं त्याने.”

आणि मग ती रडायला लागली. मुलगा गेल्यापासून पहिल्यांदा. रस्त्यात, लोकांसमोर, तोंडावर हातसुद्धा न घेता ती मुलाचं लहानपणीचं नाव घेऊन रडली, आई मुलासाठी रडते तशी. येणारेजाणारे थबकले. मिस्त्रीचा हात तिच्या पाठीकडे गेला, आणि अर्ध्या वाटेवर त्याने तो मागे घेतला. तिला आता जवळ घ्यायला कुणीतरी हवं होतं, आणि जगात ज्याने घ्यावं असा एकच माणूस तिथे होता, आणि तो नेमका मिस्त्री होता.

बस आली. त्याने पिशवी वर चढवली, ती डोळे पुसत खिडकीपाशी जाऊन बसली, आणि बस सुटेपर्यंत तो खाली उभा राहिला.